माझा लोगो मोठ्या ब्रँडसारखा दिसतो: धोका किती आणि आता करायचं काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकीचं समजले असेन तर लक्षात येईल. तुम्ही दोन वर्षांपासून हाताने शिवलेल्या कापडी आणि चामडी बॅगा ऑनलाइन विकता. लोगो एका फ्रीलान्स डिझायनरकडून पैसे देऊन करून घेतलाय. वर्तुळात झेप घेणारं हरीण आणि खाली दुकानाचं नाव, असा तो आहे. खेळाचं साहित्य बनवणाऱ्या एका नावाजलेल्या कंपनीचं चिन्हही झेप घेणारं हरीणच आहे, हे तुम्हाला अलीकडे कळलं. हे उल्लंघन ठरतं का, रंग आणि शिंगं बदलली तर भागेल का, आणि इतक्या लहान विक्रेत्याकडे कोण लक्ष देणार, असं तुम्ही विचारलंय.

या तिन्हींपेक्षा महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. गेल्या महिन्यात एका ग्राहकाने मेसेज करून विचारलं होतं, 'ही त्याच कंपनीची नवी बॅग आहे का?' मी 22 वर्षं ट्रेडमार्कचं काम करते आहे. अशी फाइल समोर आली की मी लोगो नंतर बघते, आधी असे मेसेज शोधते. कारण खरा प्रश्न दोन चित्रं किती जुळतात हा नसतो. तुमचा माल समोर आल्यावर सामान्य गिऱ्हाइकाला तो कोणाचा वाटेल, हा असतो. आणि तुमच्या एका गिऱ्हाइकाने त्याचं उत्तर लेखी देऊन ठेवलंय.

एका मेसेजने खटला हरत नाही, घाबरू नका. पण तो मेसेज डिलीटही करू नका. वाद उभा राहिलाच तर पुरावा नष्ट केल्याचा आरोप मूळ तक्रारीपेक्षा जड जातो. त्या ग्राहकाला आजच साधं, खरं उत्तर द्या: आमचा त्या कंपनीशी काही संबंध नाही, आम्ही स्वतंत्रपणे बॅगा बनवतो. उत्तर दिलंच नाही, किंवा 'तसंच समजा' छापाचं काही लिहून गेलात, तर आज जो योगायोग आहे तो उद्या हेतू दिसायला लागतो.

ट्रेडमार्क म्हणजे चित्रावरची मालकी, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. माल कुठून आला हे सांगणारी ती खूण आहे. ब्रिटनमध्ये 1876 साली नोंदवलेला पहिला ट्रेडमार्क बास नावाच्या बीअर कंपनीचा लाल त्रिकोण होता. त्रिकोण काय, कोणीही काढू शकतो. पण बीअरच्या बाटलीवर लाल त्रिकोण दिसला की लोकांना बास आठवायची, आणि कायद्याने जपलं ते हे आठवणं. हरणाचंही तसंच. जगातल्या हरणांवर कोणाचा हक्क नाही. प्रश्न एवढाच, की बॅगेवर झेप घेणारं हरीण दिसलं की लोकांना कोण आठवतं.

आणि हे आठवणं अर्धवटच असतं, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर 1962 मध्ये 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या दोन औषधांच्या नावांचा वाद आला होता. अमृताचा आणि लक्ष्मणाचा अर्थ वेगळा, हे शाळकरी मुलालाही कळतं. पण न्यायालयाने म्हटलं की साधारण बुद्धीचं, धूसर आठवणीचं गिऱ्हाईक नावाची फोड करून अर्थ लावत बसत नाही, त्याच्या मनावर एकूण ठसा उमटतो. (त्याच निकालात आणखी एक धडा आहे. तक्रारदाराने बरीच वर्षं खपवून घेतलं म्हणून दुसऱ्याला एका राज्यापुरती नोंदणी मिळाली. काळ आणि मौन यांनाही वजन असतं.)

हे धूसर आठवणीचं गिऱ्हाईक आज दुकानात उभं नसतं. ते फोनवर अंगठ्याने लिस्टिंग सरकवत असतं आणि तुमचा लोगो त्याला नखाएवढा दिसतो. म्हणून मी अशिलांना एक घरगुती चाचणी करायला सांगते. दोन्ही लोगो एक सेंटिमीटर आकारात, काळ्या-पांढऱ्यात, वेगवेगळ्या कागदांवर छापा. ज्याला या भानगडीतलं काही माहीत नाही अशा माणसाला आधी त्यांचा दाखवा, तीन सेकंद. तासाभराने तुमचा दाखवा आणि विचारा, 'हा मघाचाच का?' न्यायालयात याला पुरावा म्हणून काही किंमत नाही. पण स्वतःच्या लोगोकडे परक्याच्या नजरेने बघायला मला तरी दुसरा चांगला मार्ग सापडलेला नाही. दोन लोगो शेजारी शेजारी मोठे करून 'बघा, यात शिंगाला तीन फाटे, त्यात दोन' असं मोजणं हीच चुकीची पद्धत आहे. गिऱ्हाइकाला दोन्ही एकत्र कधी दिसतच नाहीत.

इथेच 'वीस टक्के बदललं की चालतं' हा समज गळून पडतो. तीस टक्के म्हणणारेही भेटतात. असा आकडा मी कुठल्याही देशाच्या कायद्यात पाहिलेला नाही. रंगाचंही तेच. रंगाचा दावा न करता चिन्ह नोंदवलेलं असेल तर अनेक ठिकाणी त्याचं संरक्षण एका रंगापुरतं नसतं. भारतीय कायद्यात तर ते सगळ्या रंगांसाठी नोंदवलं असं मानायचं, हे कलमच आहे. त्यामुळे हरीण काळ्याचं हिरवं करून फारसं काही हाती लागणार नाही.

आता तुमच्या बाजूने काय आहे ते बघू, कारण तेही कमी नाही. तुमच्या प्रकरणाशी कमालीचं जुळणारं एक जुनं युरोपीय प्रकरण आहे, सेबल विरुद्ध प्यूमा. सेबलचं चिन्ह धावणारा ठिपक्यांचा चित्ता, प्यूमाचं झेप घेणारा प्यूमा, आणि वादातल्या मालात चामड्याच्या वस्तू आणि बॅगाही होत्या. युरोपीय न्यायालयाने 1997 मध्ये सांगितलं की दोन चित्रांमागची कल्पना एकच आहे, एक बघून दुसरं आठवतं, एवढ्यावर उल्लंघन होत नाही. माल कोणाचा याबद्दल गोंधळ होण्याची शक्यता दिसली पाहिजे. झेप घेणारं जनावर निसर्गातच दिसतं, त्यात कल्पकता थोडी. पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे: आधीचं चिन्ह जितकं वेगळं किंवा लोकांत जितकं प्रसिद्ध, तितकी गोंधळाची शक्यता जास्त. तुमच्या हरणाचं भवितव्य या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी आहे.

दुसरं टोक बघायचं तर 2014 मधलं इंग्लंडचं जॅक विल्स विरुद्ध हाउस ऑफ फ्रेझर प्रकरण घ्या. एकाच्या कपड्यांवर उंच टोपी घातलेला फेझंट पक्षी आणि त्याच्याकडे छडी. दुसऱ्याच्या कपड्यांवर उंच टोपी आणि बो-टाय घातलेलं कबूतर. पक्षी वेगळे, तरी उल्लंघन ठरलं. निसर्गात पक्षी टोपी घालत नाहीत, म्हणून ती कल्पना वेगळी होती, लक्षात राहणारी होती, आणि नेमकं तेवढंच दोघांत सारखं होतं. तेव्हा तुमच्या आणि त्यांच्या हरणात काय सारखं आहे ते नीट बघा. नुसतं हरीण आणि नुसती झेप असेल तर तुम्ही चित्त्याच्या बाजूला आहात. पण झेपेचा कोन, वळवलेली मान, शेपटीजवळ कापलेलं वर्तुळ असं एखादं खास वळण दोन्हीकडे असेल, तर तुम्ही कबुतराच्या बाजूला आलात.

तुमचा लोगो मी पाहिलेला नाही, त्यामुळे हो किंवा नाही असं मी सांगणार नाही. लोगो न बघता कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. उत्तर कशावर ठरेल ते मात्र सांगू शकते.

पहिली गोष्ट माल. 'ते बूट आणि चेंडू विकतात, मी बॅगा विकते' हा तुमचा मोठा आधार दिसतोय, पण मला तो लंगडा वाटतो. नोंदणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नीस वर्गीकरणात माल आणि सेवांचे 45 वर्ग आहेत. खेळाचं साहित्य 28 मध्ये, कपडे आणि पादत्राणं 25 मध्ये, बॅगा आणि चामड्याच्या वस्तू 18 मध्ये. खेळाच्या कंपन्या सहसा या तिन्ही वर्गांत नोंदणी करतात, कारण जिमला न्यायच्या बॅगा त्याही विकतात. ते आधी तपासा. आणि समजा 18 मध्ये त्यांची नोंदणी नसली, तरी वर्ग ही कार्यालयाच्या सोयीची कपाटं आहेत. वर्ग वेगळा म्हणून माल वेगळा असं होत नाही. एकाच दुकानात, एकाच गिऱ्हाइकाला, एकाच कारणासाठी विकला जाणारा माल जवळचाच मानला जातो.

दुसरी गोष्ट प्रसिद्धी. चिन्ह खरोखरच सर्वज्ञात असेल तर नियम बदलतात. बौद्धिक संपदेबद्दलच्या दोन आंतरराष्ट्रीय करारांतल्या, म्हणजे पॅरिस करारातल्या आणि 1994 च्या ट्रिप्स करारातल्या तरतुदींमुळे बहुतेक देशांत अशा चिन्हांना वेगळ्या मालापुढेही संरक्षण मिळतं, आणि काही ठिकाणी गोंधळ सिद्ध करण्याचीही गरज पडत नाही. त्यांच्या नावलौकिकाचा फुकट फायदा घेतला किंवा चिन्हाचं वेगळेपण बोथट केलं, एवढं पुरतं. अॅपल कंपनीने 2020 मध्ये प्रेपेअर नावाच्या एका छोट्या अॅपच्या नोंदणी अर्जाला हरकत घेतली होती. त्यांचा लोगो नाशपातीचा होता, सफरचंदाचा नव्हेच. पुढच्या वर्षी तडजोड झाली. त्या छोट्या कंपनीने नाशपातीच्या पानाचा आकार थोडा बदलला आणि विषय मिटला. एवढ्याशा पानासाठी महिन्यांचा वेळ आणि वकिलांचा खर्च गेला. 'मी लहान, मला कोण बघतो' याचं उत्तर यात आलं.

तिसरी गोष्ट खालचं नाव. तुमचं नाव त्यांच्या नावापासून पूर्ण वेगळं आहे, हे चांगलं आहे. पण नाव लोगोला किती वाचवतं हे तुम्ही लोगो कसा वापरता त्यावर आहे. तुमचं प्रोफाइल चित्र बघा. गोल चौकटीत बसवताना नाव कापलं गेलं असणार आणि नुसतं हरीण उरलं असणार. बॅगेच्या झिपला लावलेली धातूची पट्टी बघा. तिच्यावर नावाला जागा नसते, हरणाला असते. कागदावर तुमचा लोगो 'हरीण आणि नाव' आहे, बाजारात तो नुसतं हरीण आहे. तक्रारदाराचा वकील त्या पट्टीचाच फोटो जोडेल. आणि नाव शेजारी असूनही सुटका होईलच असं नाही. इंग्लंडमध्ये लिडल या सुपरमार्केटने टेस्को या दुसऱ्या सुपरमार्केटवर केलेल्या दाव्यात निळ्या चौकोनातला पिवळा गोल हा मुद्दा होता. टेस्कोच्या गोलात त्यांच्या स्वतःच्या क्लबकार्ड योजनेचे शब्द स्पष्ट लिहिलेले होते. तरीही ट्रेडमार्कच्या मुद्द्यावर टेस्को 2023 मध्ये हरली आणि 2024 मध्ये अपिलातही हरली.

चौथी गोष्ट देश, आणि ऑनलाइन विक्रेते इथेच बेसावध असतात. ट्रेडमार्कचा हक्क देशापुरता असतो. त्या कंपनीची नोंदणी कुठल्या देशांत आहे आणि तुम्ही माल कुठे पाठवता, या दोन याद्या एकमेकींवर ठेवून बघाव्या लागतात. तुमचं पान एखाद्या देशात उघडतं म्हणून तिथे उल्लंघन होतं असं नाही. लॉरियल विरुद्ध ईबे प्रकरणात युरोपीय न्यायालयाने 2011 मध्ये हे स्पष्ट केलं, तिथल्या ग्राहकांना उद्देशून विक्री होते का ते बघायचं. पण तुम्ही त्या देशात पार्सल पाठवायचा पर्याय दिलाय, त्या चलनात किंमत दाखवताय, तर 'उद्देशून नाही' म्हणणं अवघड जाईल. काही देशांत आधी वापरणाऱ्याचा हक्क मोठा असतो, काही देशांत आधी अर्ज करणाऱ्याचा. दोन वर्षांचा वापर पहिल्या प्रकारात थोडा उपयोगी पडेल, तेही तो त्यांच्या आधीचा असेल तर. इथे तसं दिसत नाही.

आता डिझायनरची पावती. तिने तुमचा प्रामाणिकपणा दिसतो, पण ट्रेडमार्कच्या दाव्यात 'मला माहीत नव्हतं' हा साधारणपणे बचाव होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रोमॅग विरुद्ध फॉसिल प्रकरणात, जे योगायोगाने बॅगांच्या चुंबकी बटणांवरूनच होतं, सांगितलं की उल्लंघन करणाऱ्याचा नफा तक्रारदाराला द्यायला जाणूनबुजून केल्याची अट नाही. हेतू मोजला जातो, पण तो नसला म्हणजे दार बंद असं नाही. शिवाय पावती म्हणजे कॉपीराइटचं हस्तांतर नव्हे. अनेक देशांत फ्रीलान्स डिझायनरने काढलेल्या चित्राचा कॉपीराइट लेखी करार नसेल तर त्याच्याकडेच राहतो. डिझायनरला दोन गोष्टी विचारा: मूळ फाइल आहे का, आणि हरीण स्वतः काढलंय की कुठल्या तयार संग्रहातून घेतलंय? संग्रहातलं असेल तर तेच हरीण आणखी पन्नास दुकानांवर असू शकतं, आणि अशा चित्रांच्या परवान्यांत ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येणार नाही अशी अट बहुधा असते. मशीनकडून बनवून घेतलेल्या लोगोलाही ही शंका लागू आहे.

लहान विक्रेत्याला खरा फटका कुठे बसतो ते आता सांगते, कारण सगळे न्यायालयाला घाबरतात आणि तो फटका बहुतेक वेळा न्यायालयातून येत नाही. मोठ्या कंपन्या निगराणीची सेवा घेतात. नव्या नोंदणी अर्जांवर आणि विक्रीच्या संकेतस्थळांवर चित्रं जुळवून बघणारी यंत्रणा चालू असते. त्यांनाही दुर्लक्ष करून चालत नाही, कारण असे लोगो सोडून दिले की त्यांच्या चिन्हाचं वेगळेपण झिजतं. संकेतस्थळाच्या फॉर्मवर नोंदणी क्रमांक टाकून त्यांनी तक्रार केली की तुमची लिस्टिंग उतरते. वारंवार झालं तर खातं बंद, खात्यातले पैसे अडकतात. बरोबर कोण, हे तोवर कोणी तपासलेलंच नसतं. पुष्कळ जण म्हणतात, 'मी प्रतिनोटीस देईन,' म्हणजे तक्रार चुकीची आहे, लिस्टिंग परत चढवा असं कळवेन. ती कायदेशीर प्रतिनोटीसची पद्धत अमेरिकेच्या 1998 च्या डीएमसीए कायद्यातली, आणि ती कॉपीराइटसाठी आहे. ट्रेडमार्कच्या तक्रारीला ती लागू होत नाही. तिथे संकेतस्थळाच्या स्वतःच्या नियमांवर आणि तक्रारदाराच्या मर्जीवर अवलंबून राहावं लागतं. माझ्या एका अशिलाची 60 हून अधिक लिस्टिंग हंगामाच्या तोंडावर एका रात्रीत उतरली. चार महिन्यांपूर्वी आलेलं पत्र तिने 'कोणीतरी घाबरवतंय' म्हणून बाजूला ठेवलं होतं. पत्रात मागितलं होतं एवढंच, की लेबल बदला.

तर माझं मत. तुम्हाला अजून पत्र आलेलं नाही, तुमचा माल त्यांच्या मालाजवळचा आहे, कंपनी नावाजलेली आहे आणि गोंधळाचा एक मेसेज आलेला आहे. दावा तुम्ही कदाचित जिंकालही. सेबलच्या निकालावर उभं राहून चांगला युक्तिवाद करता येईल. पण दोन वर्षांत तुमच्या गिऱ्हाइकांनी जे लक्षात ठेवलंय ते तुमचं नाव आणि तुमची शिलाई. हरणासाठी लढण्याएवढं त्या हरणात अजून काही साठलेलं नाही. बदलायचा खर्च आज सर्वांत कमी आहे आणि प्रत्येक नव्या बॅगेबरोबर तो वाढतो. म्हणून नाव ठेवा, हरीण सोडा.

सोडा म्हणजे पूर्ण सोडा. ही चूक मी जवळून पाहिली आहे. मेणबत्त्या विकणारं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं, चंद्रकोरीत झाड असा लोगो. पहिलं पत्र आलं तेव्हा त्यांनी झाडाच्या फांद्या बदलल्या. दुसरं आलं तेव्हा कोर उलटी केली. तिसऱ्या वेळी ते माझ्याकडे आले तेव्हा समोरच्या वकिलाच्या पत्रात एक वाक्य होतं, ज्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं: 'तुमचे अशील प्रत्येक वेळी आमच्या चिन्हाकडे बघून आपलं चिन्ह काढतात.' खरं तर ते दोघं लांब जायचा प्रयत्न करत होते, पण मोजमाप त्यांच्या चिन्हापासूनच चाललं होतं. शिंगं कापलेलं हरीण किंवा हरणाऐवजी काळवीट, असा विचार मनात असेल तर तो इथेच थांबवा. नवा लोगो कोऱ्या कागदावरून सुरू करा. तुमच्या नावातलं एखादं अक्षर, तुमच्या टाक्यांची एखादी खास वीण, जे त्यांच्याकडे असूच शकत नाही असं काहीतरी.

नवा लोगो पक्का करण्याआधी शोध घ्या, आणि फक्त शब्दांचा नको. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका अशिलासाठी नावाचाच शोध घेतला, चित्राचा घेतला नाही. नाव मोकळं होतं, चित्र नव्हतं, आणि खोके छापून झाले होते. ती चूक माझी होती आणि अजून बोचते. तेव्हापासून चित्राच्या शोधाशिवाय मी मत देत नाही. चिन्हांतल्या आकृत्यांसाठी व्हिएन्ना वर्गीकरण आहे, त्यात प्राणी तिसऱ्या गटात येतात. अशा सांकेतिक क्रमांकांनी नोंदणी कार्यालयाच्या यादीत शोधता येतं. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा, म्हणजे वायपोचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस फुकट आहे आणि त्यात चित्र टाकून जुळणारी चिन्हं शोधता येतात. युरोपचं टीएमव्ह्यू हे ट्रेडमार्क शोधायचं संकेतस्थळही बघा. मग तुम्ही जिथे विकता त्या संकेतस्थळांवर साधा शोध घ्या, कारण नोंदणी नसलेल्या पण लोकांत रुळलेल्या चिन्हालाही अनेक देशांत 'पासिंग ऑफ'खाली, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याविरुद्धच्या नियमाखाली, संरक्षण असतं. आणि हा शोध घेताना जाता जाता झेप घेणाऱ्या हरणाचाही घ्या. वर्ग 18 मध्ये वेगवेगळ्या मालकांची दहा-बारा हरणं सुखाने नांदत असतील, तर त्या कंपनीचा हरणावरचा दावा तेवढा अरुंद आहे. एकच हरीण दिसलं तर रुंद आहे. उद्या पत्र आलंच तर ही माहिती सोन्यासारखी उपयोगी पडेल.

एक गोष्ट अजिबात करू नका: घाईघाईने सध्याच्या हरणाच्या लोगोची नोंदणी मागू नका. 'अर्ज मंजूर झाला म्हणजे सुरक्षित' असं वाटतं, पण अर्ज प्रसिद्ध झाला की हरकतीची मुदत सुरू होते. अमेरिकेत ती 30 दिवस, युरोपीय संघात 3 महिने, भारतात 4 महिने आहे. निगराणीवाल्यांच्या यादीत तुमचं हरीण तुम्ही स्वतःच नेऊन ठेवलेलं असतं. अर्ज करायचाच, पण नव्या लोगोचा, आणि नावाचा वेगळा. नोंदणी होईपर्यंत 'टीएम' लिहायला हरकत नाही. वर्तुळातला 'आर' मात्र लावू नका, नोंदणी नसताना तो लावणं अनेक देशांत गुन्हा आहे.

बदल करताना क्रम असा ठेवा: आधी प्रोफाइल चित्र आणि नव्या लिस्टिंग, मग पॅकिंग आणि लेबलं, शेवटी धातूच्या पट्ट्या. जुन्या बॅगांचे फोटो लोक विसरतात. लिस्टिंगवर नवा लोगो आणि फोटोतल्या बॅगेवर जुनं हरीण, असं वर्षभर राहतं, आणि चित्रं जुळवणारी यंत्रणा फोटोच बघते. काय कधी बदललं याची तारखेसह नोंद ठेवा. 'अमुक कंपनीशी साधर्म्य असल्याने लोगो बदलत आहोत' अशी जाहीर पोस्ट टाकू नका. नवा लोगो आला, एवढंच सांगा. आधीच्या दोन वर्षांच्या विक्रीची जबाबदारी यामुळे कागदोपत्री पुसली जात नाही, हे खरं. पण स्वतःहून थांबलेल्या लहान विक्रेत्याच्या मागे जुना हिशोब घेऊन कोणी लागल्याचं माझ्या कामात मी फार क्वचित पाहिलंय.

मधल्या काळात पत्र आलंच, तर त्या रात्री उत्तर लिहू नका. पत्र खरं आहे का, नोंदणी क्रमांक दिलाय का, ती नोंदणी चालू आहे का, कुठल्या देशाची आणि कुठल्या वर्गाची, हे आधी बघा. नोंदणी जुनी असून त्या मालासाठी चिन्ह वापरलंच जात नसेल, तर ती रद्द करून घेता येते. अमेरिकेत सलग तीन वर्षं, युरोपात आणि भारतात पाच वर्षं न वापरल्यावर तसा मार्ग आहे. उत्तरासाठी दिलेली मुदत कमी वाटली तर वाढवून मागा, बहुतेक वेळा मिळते. चूक कबूल करू नका आणि वादही घालू नका: पत्र मिळालं, गांभीर्याने घेतलंय, अमुक तारखेपर्यंत कळवतो. हाती असलेला माल संपवायला मी अशिलांसाठी साधारणपणे तीन ते सहा महिने मागते. बदल आधीच सुरू केल्याची नोंद दाखवता आली तर ती मागणी मान्य होणं सोपं जातं.

आणि सहीसाठी जो हमीचा मसुदा येतो तो वकिलाला दाखवल्याशिवाय परत पाठवू नका. तो जवळजवळ नेहमीच गरजेपेक्षा मोठा असतो. 'हा लोगो वापरणार नाही' इथे थांबायला हवं, तिथे 'कोणत्याही प्राण्याचं चित्र, कोणत्याही मालावर, जगात कुठेही, कायमचं' असं लिहिलेलं असतं. आतापर्यंतच्या सगळ्या विक्रीचा हिशोब मागणारं कलमही मध्येच कुठेतरी असतं. ही वाक्यं कापून मागितली तर कापून मिळतात. मागितली नाहीत तर दहा वर्षांनी तुम्ही पिशवीवर मांजर काढलंत तरी कराराचा भंग होतो, आणि तिथे गोंधळ झाला का हा प्रश्नही कोणी विचारत नाही.

तीन गोष्टी कळवल्यात तर मला यापेक्षा नेमकं सांगता येईल. माल कुठल्या कुठल्या देशांत पाठवता, त्या कंपनीची वर्ग 18 मध्ये नोंदणी त्या देशांत आहे का, आणि डिझायनरने हरीण कुठून आणलं. कंपनीचं नाव इथे लिहू नका. आणि त्या ग्राहकाला उत्तर पाठवायचं राहू देऊ नका.